वाघोबाची खिंड

मनोरहून पालघरला जायचं तर मासवणला सूर्या नदी ओलांडावी लागते आणि पुढे वाघोबाची खिंड चढावी लागते. खिंडीत वाघोबाचं ठाणं आहे. एसटी असो, ट्रक असो की दुधाचा टेम्पो, तिथे आलं की ड्रायव्हरचा हात आपोआप हॉर्नवर जातो. खिडकीजवळची माणसं कपाळाला हात लावतात, एखादं नाणं बाहेर पडतं. मी पहिल्या मुलाखतीला निघालो त्या दिवशी मात्र हात जोडले नाहीत. साल १९९४. मी रसायनशास्त्राचा पदवीधर होतो, मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका होत्या, आणि वाघोबाला नमस्कार करणं त्या गुणपत्रिकांना शोभणार नाही असं मला वाटलं. खिंड उतरेपर्यंत तळहातांना इतका घाम सुटला होता की तीच पिशवी हातातून निसटत होती.

पालघरला गाडी पकडायची, मधे एकच उमरोळी, मग बोईसर. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की वास सांगायचा, आलं एमआयडीसी. तारापूर औद्योगिक वसाहत असं तिचं कागदोपत्री नाव, पण आमच्याकडे ते नाव कोणी घेत नाही. ‘एमआयडीसीला आहे’ एवढं म्हटलं की मुलाचं लग्न ठरायला पुरतं. काही वास गोडसर, काही अंडी नासल्यासारखे, काही नुसते डोळ्यांत जाणारे. पुढे त्यातल्या बऱ्याच वासांची रासायनिक सूत्रं मला कळली. त्या दिवशी सगळे मिळून एकच वास होता, आणि तो माझ्या पोटात कालवत होता.

खोली थंड होती. एवढी थंड खोली मी तोपर्यंत पाहिलेली नव्हती. टेबलापलीकडे तिघेजण, टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा एक ग्लास. तो ग्लास माझ्या बाजूला होता, पण माझ्यासाठी होता की नाही ते कळायला मार्ग नव्हता. एक साहेब फोनवर बोलत होते आणि बोलतच राहिले. दुसऱ्यांनी अर्जावरून नजर न उचलता विचारलं, “कहाँ से आते हो?”

“मनोर.”

“मनोर? वहाँ तो खाली ढाबे हैं.”

तिघेही हसले. मीही हसलो, आणि ते हसणं मला आजही आठवलं की कसंतरी होतं. मस्तान नाक्यावर ढाबे आहेत हे खरंच आहे. मुंबई-अहमदाबाद हायवेवरून जाणाऱ्याला मनोर म्हणजे जेवायला थांबायची जागा. पण तेवढ्या एका वाक्यात माझं गाव, वैतरणेचा काठ, माझी शाळा, समोरचा आशेरीगड, सगळं थाळीच्या दराच्या पाटीमागे गेलं. मग तिसऱ्यांनी विचारलं, मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यात फरक काय?

हा फरक मी शिकवण्या घेताना अकरावीच्या पोरांना फळ्यावर किती वेळा सांगितला असेल! पण जीभ टाळूला चिकटली. शब्दशः चिकटली. ती सोडवायला घोटभर पाणी हवं होतं आणि पाणी हातभर अंतरावर होतं. मी मागितलं नाही. “सॉरी सर,” म्हणालो. आणखी एक प्रश्न, पुन्हा सॉरी सर. मला आत बोलावल्यापासून बाहेर येईपर्यंत फोनवरच्या साहेबांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

जीभ का चिकटली याचं उत्तर पुढे पुस्तकात सापडलं. भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा झुंजायच्या तयारीला लागतं, अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं, हृदय धावू लागतं, रक्त स्नायूंकडे वळतं. पचन त्या घटकेला बिनकामाचं, म्हणून लाळ आटते. म्हणजे माझं शरीर मला वाघापासून वाचवत होतं. समोर वाघ नव्हता, नॉर्मॅलिटी होती, हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं.

‘शांत राहायचं रे,’ असं मला नंतर गावातल्या किमान वीस माणसांनी सांगितलं. मुलाखतीत काय करायचं यावर सगळ्यांचं एकमत असतं आणि ते एकमत अगदी निरुपयोगी असतं. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी तर स्थितप्रज्ञाची लक्षणं समजावली. गुरुजींविषयी आदर ठेवून सांगतो, गीतेतल्या स्थितप्रज्ञाला कोणी पगाराची अपेक्षा किती म्हणून विचारलं नव्हतं. ज्याला काही नकोच आहे त्याने शांत राहण्यात विशेष ते काय? मला नोकरी हवी होती. धाकट्या बहिणीची फी त्या नोकरीवर होती.

उपयोगाचं बोलले ते फक्त माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. हायवेवर ट्रक चालवत. वापीपासून भिवंडीपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक. काय विचारलं, का आलं नाही, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाले, “तसल्या खोलीत आधी कधी गेला होतास?”

“नाही.”

“मग. नवा घाट मी रात्री घेत नाही. एकदा दिवसा बघून येतो.”

आणि भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. दादांना आम्ही सगळे शांत स्वभावाचे म्हणायचो. पण घरात मीठ सांडलं तरी ते चिडायचे. शांत होते ते स्टिअरिंगवर, आणि तिथेही ओळखीच्या रस्त्यावर. मग मला वाटू लागलं की आपण ज्याला शांतपणा म्हणतो ती बऱ्याचदा नुसती ओळख असते. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक मुलगा होता, मुंबईहून आलेला, पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचत बसलेला. त्याचे वडील कुठल्याशा कंपनीत मॅनेजर होते. तो लहानपणापासून तसल्या खोल्यांत खेळला असणार, तसल्या खुर्च्यांत गोल गोल फिरला असणार. आत गेल्यावर त्याला समोर काका दिसले असतील. मला साहेब दिसले. आमच्या घरी साहेब या शब्दाचा अर्थ तलाठी, फौजदार, जंगलखात्याचा गार्ड. साहेब समोर आला की उभं राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आम्ही चालायला शिकण्याआधी शिकलेलो. अशा पोराला खुर्चीत बसवून ‘बोला, तुमच्याविषयी सांगा’ म्हटलं तर तो काय सांगणार? त्याच्या अडखळण्याला मग कागदावर ‘आत्मविश्वास कमी’ असं नाव पडतं.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या पदांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली, गट क, गट ड आणि गट ब मधली अराजपत्रित पदं. कारण म्हणून वशिला आणि भ्रष्टाचार यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. मला मात्र ती बातमी वाचताना तो झाकणाचा ग्लास आठवला.

आता पुन्हा खिंडीकडे. आमच्याकडचे वारली वाघाला देव मानतात. दगडावर किंवा लाकडाच्या पाटावर वाघ कोरतात, सोबत चंद्र-सूर्य, वर शेंदूर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. पट्टेरी वाघ इथून केव्हाच गेला, पण बिबट्या आहे, आणि त्यालाही वाघच म्हणायची रीत आहे. शहरातल्या पाहुण्याला हे भाबडं वाटतं. मला वाटतं, यात मोठी अक्कल आहे. वाघाला गावातून हाकलून देऊ असं वारली म्हणत नाही. तू जंगलातला, मी पाड्यावरचा, तुझी वाट ही, माझी वाट ती, हा तुझा नैवेद्य. आणि मराठीने पुढे काय केलं पाहा. ज्याच्या नुसत्या वासाने गुरं दावं तोडतात त्याला विठोबा-खंडोबाच्या ओळीत बसवून वाघोबा केलं. दहशतीला नातं लावलं. म्हणून भीती गेली असं नाही. खिंडीतून एकट्याने रात्री पायी कोणी जात नाही. पण भीतीचं ठाणं ठरलं, आणि इतर ठिकाणी माणूस मोकळा झाला.

हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण, गाणं, गणिताची परीक्षा अशा धास्तीच्या कामांआधी काही जणांना ‘मी शांत आहे’ असं म्हणायला लावलं, काहींना ‘मला उत्साह वाटतोय’ असं. दुसऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली. छातीतली धडधड दोघांचीही होतीच, तिला नाव वेगळं मिळालं. मी ते वाचलं आणि मला हसू आलं. एवढं तर आमच्या खिंडीत एसटीच्या हॉर्नवर कळतं.

माझी ओळख वाढली ती मात्र असल्या युक्त्यांनी नाही, पोती उचलून. त्या मुलाखतीनंतर आठ महिने मी एमआयडीसीतल्याच एका छोट्या प्लँटमध्ये कंत्राटी हेल्पर होतो. बीएस्सी झालो हे ठेकेदाराला सांगितलं नव्हतं. पोती फोडून रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमधून माल टाकायचा, लॉगशीटवर तापमान लिहायचं, पाइपाला हात लावून थंड पाणी फिरतंय की नाही ते बघायचं. कॉलेजात उष्मादायी अभिक्रिया ही फळ्यावरची एक ओळ होती. इथे ती बारा फुटी भांड्यात असायची आणि भांड्याच्या अंगातून गुरगुरायची. शिफ्टचे जुने ऑपरेटर तिच्याविषयी माणसाविषयी बोलावं तसं बोलत. आज बॅच रुसली, आज तिला घाई आहे.

१९९५च्या पावसाळ्यात दुसरी मुलाखत, दुसरा कारखाना. धडधड तशीच, घाम तसाच. खिंडीत मी या खेपेला कपाळाला हात लावला, श्रद्धेने की हिशेबाने ते मलाही सांगता येणार नाही. समोर एकच गृहस्थ, पिकलेल्या मिशांचे. त्यांनी गाव विचारलं नाही की मोलॅरिटी विचारली नाही. म्हणाले, “बॅच चालू आहे, माल थेंबथेंब पडतोय, आणि स्टरर बंद पडला. पाच मिनिटांनी तुझ्या लक्षात आलं. काय करशील?”

यात खाच आहे. घाबरलेला माणूस म्हणतो, लगेच स्टरर चालू करीन. तिथेच फसतो. ढवळणं थांबलं तेव्हापासून पडलेला माल न मिसळता नुसता साठलेला असतो. स्टरर एकदम चालू केला की तो सगळा एका वेळी पेटून उठतो आणि उष्णता काढून न्यायला भांड्याभोवतीच्या जॅकेटमधलं पाणी पुरं पडत नाही. तारापुरात स्फोटाचे आवाज ऐकत मोठी झालेली एक अख्खी पिढी आहे. रात्री दारं-खिडक्या हादरल्या की लोक आधी कुठल्या दिशेने धूर आहे ते बघतात आणि मग आपला माणूस कुठल्या शिफ्टला आहे ते आठवतात.

मी लगेच बोललो नाही. न बोलता बसलो असताना मला ते भांडं दिसत होतं, डाव्या हाताचा व्हॉल्व्ह, त्याचं रंग उडालेलं चाक. “आधी माल पडायचा थांबवीन,” मी म्हणालो. “कूलिंग पूर्ण उघडीन. तापमान बघीन. स्टररला हात लावणार नाही. शिफ्ट इन्चार्जला बोलावीन.”

“आणि तो म्हणाला चालू कर, तर?”

“त्यांना आधी साठलेला माल किती ते सांगीन.”

“आणि तरी म्हणाला, तर?”

याचं उत्तर मला येत नव्हतं. “माहीत नाही सर,” म्हणालो. वर्षापूर्वी ‘सॉरी सर’ म्हणणारा आणि हे म्हणणारा, दोघांचा आवाज वेगळा होता एवढं माझं मलाच ऐकू आलं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि चहा मागवला.

यंत्राविषयीच विचारणारी परीक्षा आमच्याकडे आणखी एके ठिकाणी होते. बोईसरहून समुद्राकडे गेलं की तारापूरचं अणुवीज केंद्र लागतं. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९पासूनच्या, वीज देणाऱ्या देशातल्या पहिल्या. पुढे तीन आणि चार क्रमांकाच्या आल्या तेव्हा पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. तिथल्या नियंत्रण कक्षात कोणालाही एकदम बसवत नाहीत. लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष प्लँटमध्ये फिरून ही वाहिनी कुठे जाते, हा पंप कशावर चालतो ते दाखवायचं, मग तज्ज्ञांपुढे तोंडी परीक्षा, तेव्हा परवाना. ठराविक काळाने तो पुन्हा मिळवावा लागतो. ही परीक्षा सोपी नसते. पण तिथे प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला एकच गोष्ट माहीत असते, की विषय यंत्राचा आहे, माणसाच्या गावाचा नाही.

अणुशक्तीच्याच जगात दुसऱ्या प्रकारचाही नमुना होऊन गेला. अमेरिकेच्या अणु-पाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर उमेदवाराला अशा खुर्चीत बसवत म्हणे जिचे पुढचे पाय थोडे कापलेले असत. माणूस उत्तर देता देता पुढे घसरत राही. १९५२मध्ये त्यांच्यापुढे एक तरुण नौदल अधिकारी बसला. विषय तू निवड, म्हणाले, आणि प्रत्येक विषयात त्याला येत नाही तिथवर नेऊन सोडलं. शेवटी विचारलं, नौदल अकादमीत तू आपलं सर्वस्व ओतलंस का? तरुण हो म्हणणार होता, थांबला, आणि नेहमी नाही असं कबूल केलं. रिकोव्हरनी बराच वेळ पाहिलं, खुर्ची फिरवली आणि का नाही एवढंच विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तो तरुण जिमी कार्टर. निवड झाली, पुढे राष्ट्राध्यक्षही झाले, आणि त्या प्रश्नाचं त्यांनी पुस्तकाच्या नावात रूपांतर केलं. ही गोष्ट सांगणारे रिकोव्हरना धन्य मानतात. मला खुर्चीचे पाय कापण्यात कसलंही शहाणपण दिसत नाही. घसरणारा माणूस कसा दिसतो हे कळायला त्याला घसरवावं लागतं असं नाही.

हे मी आता अधिकाराने म्हणतो, कारण पुढची बरीच वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसलो. तिथून जग फार सोपं दिसतं. दार उघडून आत येणाऱ्या माणसाच्या चालीवरूनच मला कळतं, असं म्हणणारे सहकारी मला भेटले. मीही त्यातलाच होतो. मग २०१३चा एक अमेरिकी अभ्यास वाचनात आला. त्यात काही मुलाखती अशा होत्या की उमेदवार खरं उत्तर देतच नव्हता, ठरवलेल्या नियमाप्रमाणे वाटेल तसं हो-नाही म्हणत होता. मुलाखत घेणाऱ्यांना ते लक्षातही आलं नाही, आणि माणूस आपल्याला चांगला कळला असं त्यांना खुशाल वाटलं. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारू लागलो. आणि आणखी एक केलं. उमेदवार बसला की ग्लासवरचं झाकण मी स्वतः काढून ठेवायचो.

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा आला. डिप्लोमा झालेला, हुशार, घरात पहिलाच. “काका, सोमवारी मुलाखत आहे. आत गेलो की सगळं विसरतो मी.” शांत राहा, असं मी त्याला म्हणालो नाही. माझ्या जुन्या मारुतीत त्याला घातलं आणि शनिवारी दुपारी चिल्हार फाट्यावरून बोईसरला नेलं. कारखान्याचं गेट दाखवलं. वॉचमनशी बोलायला लावलं. तो नंदुरबारकडचा निघाला, मुलाखती कुठल्या मजल्यावर होतात तेही त्याने सांगितलं. समोरच्या टपरीवर वडापाव खाल्ला. मग घरी येऊन ओटीवर मी खुर्चीत, तो समोर, मधे स्टूल, स्टुलावर तांब्या-भांडं. दोनदा तो अडखळला. तिसऱ्यांदा मी उगाच फोनवर बोलत बसलो तेव्हा तो हसायला लागला. त्याची आजी दारातून बघत होती, ती म्हणाली, “हे काय नाटक चाललंय?” खरं होतं, नाटकच होतं. श्वास सोडताना लांब सोड, आत घेण्याची काळजी करू नकोस, एवढी एक शरीराची खुबी मी सांगितली. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके थोडे उतरतात, हे खरंच आहे. बाकी मनोरला काय आहे असं विचारलं तर काय सांगायचं, यावर आम्ही अर्धा तास वाद घातला.

सोमवारी दुपारी फोन आला. मागे गाड्यांचे आवाज. पालघरवरून येत होता.

“कशी झाली?”

“कळवतो म्हणाले.”

“प्रश्न?”

“दोन आले नाहीत. नाही येत म्हटलं.” थोडं थांबून म्हणाला, “मधेच घसा कोरडा पडला, काका. पाणी मागितलं मी.”

“मग?”

“दिलं की. गार होतं.”

मग एसटीचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक. खिंड आली असावी.